अभिप्रायार्थ: एक मोबाइल, एक मिक्सर

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांत दोन गोष्टींना पूर येतो. एक जाहिरातींना, आणि दुसरा जाहिरातींसारख्याच दिसणाऱ्या बातम्यांना. अमुक कंपनीचा नवा मोबाइल आला. त्याची बॅटरी ‘दमदार’ आहे, कॅमेरा ‘जबरदस्त’ आहे आणि किंमत ‘खिशाला परवडणारी’ आहे. खिसा कुणाचा, हे मात्र लिहिलेले नसते. मी कादंबऱ्या लिहितो. प्रकाशक अभिप्रायार्थ दोन प्रती धाडतो आणि चार ओळी छापून यायला दीड वर्ष लागते. मोबाइलवरचा अभिप्राय तो दुकानात पोहोचण्याच्या आधीच आलेला असतो! तेव्हा या लेखनाकडे मी किंचित असूयेने पाहतो, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पण असूया बाजूला ठेवली तरी टीकेचा एक प्रकार म्हणून हे लेखन मला फार अशक्त वाटते. पुस्तकाची पाने किती, वजन किती आणि कागद कोणत्या जातीचा एवढे सांगून कुणी लेखणी खाली ठेवली, तर त्याला आपण परीक्षक म्हणणार नाही. यंत्रांच्या बाबतीत नेमके हेच चालते. आकडे कंपनीच्या पत्रकातून उचललेले, विशेषणे भाषांतरातून आलेली. माझे यंत्रशास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकापुरते. आकड्यांबद्दल मी वाद घालणार नाही. मी विचारतो ते एवढेच, की हे यंत्र वापरणारा माणूस या मजकुरात आहे कुठे?

तो माणूस आपल्या घरांत आहे, आणि त्याला मते आहेत. ‘मिक्सरच्या चटणीला पाट्याची चव नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून हसून सोडून दिले आहे. पण त्यात किती निरीक्षण भरले आहे पाहा. पाते कापते, वरवंटा चिरडतो. पाते भरभर फिरले की भांडे आणि चटणी दोन्ही तापतात. खोबऱ्याचा रस सुटण्याआधीच त्याचा चुरा होतो. असे बोलणारी बाई पदार्थ चाखून, बोटांनी चाचपून बोलत असते. परीक्षण म्हणतात ते याला.

आणि हे परीक्षण वाया जाते असेही नाही. साठ वर्षांपूर्वी मुंबईत माधुरी माथूर यांच्याकडे एक जर्मन बनावटीचा मिक्सर होता. युरोपातल्या मऊ पदार्थांसाठी केलेले ते यंत्र आपली डाळ आणि आपले मसाले वाटता वाटता जळून गेले. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर सीमेन्स कंपनीत अभियंते होते. बायकोची तक्रार त्यांनी मनावर घेतली, दणकट मोटर बसवली आणि १९६३ साली ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आला. पुढे किती घरांत तो पोहोचला हे वाचकांतल्या गृहिणींना मी सांगायला नको. म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या मताने एक कारखाना उभा केला. वर्तमानपत्री ‘जबरदस्त’ने असे काही घडवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कुकरचेही तसेच. १९५९ साली हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही कुकर आपल्या देशात आले. बरोबरच्या पुस्तिकेत मिनिटे दिलेली असतात. पण आमच्या बायकांनी मिनिटे कधी मोजली नाहीत, त्यांनी शिट्ट्या मोजल्या. भाताला तीन, डाळीला चार, आणि मधल्या वेळात पोरांची दप्तरे भरणे. यंत्र करणाऱ्याला न सुचलेले माप वापरणाऱ्याने शोधून काढले.

आता पुन्हा मोबाइलकडे येतो. मराठी वर्तमानपत्रातला मराठी परीक्षक मोबाइलवर मराठी कशी उमटते याबद्दल चकार शब्द काढत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. संगणकांच्या जागतिक अक्षरसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपला स्वतंत्र ‘ॲ’ त्यात यायला २००८ साल उजाडले. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. तरी पुष्कळ मोबाइलांच्या पडद्यावर आपला पाकळीचा ‘ल’ न दिसता हिंदीतला दंडाचा ‘ल’ उभा असतो. ‘दुसऱ्या’ लिहिताना बोट कुठे अडते? मुलांना वर्गात मी एक ‘ल’ शिकवतो आणि घरी त्यांना दुसराच दिसतो. कॅमेऱ्यावर चार परिच्छेद लिहिणाऱ्याला यावर एक ओळ लिहावीशी वाटू नये?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि आम्हा शिक्षकांना मोबाइलवरून शिकवायला सांगितले गेले. नाशिक शहरातल्या मुलांचे कसेबसे निभले. पण पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर घरात एकच मोबाइल, आणि तोही बापाच्या खिशात, द्राक्षबागेत नाहीतर बांधकामावर. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याची बॅटरी संपलेली आणि वीज गेलेली. रेंजसाठी पोरे टेकडीवर चढायची. त्या दिवसांत मी मोबाइलची परीक्षणे मोठ्या आशेने वाचत होतो. कमकुवत रेंजमध्ये कोणता टिकतो, उन्हात कोणत्याची अक्षरे दिसतात, मातीने खरबरीत झालेले बोट कोणता ओळखतो, हे मला पालकांना सांगायचे होते. मला वाचायला मिळाले ते हे, की अमुक मोबाइलवर खेळ फार सफाईने खेळता येतात.

या शहरातले सर्वांत चोख परीक्षण मला भद्रकालीतल्या एका दुरुस्तीच्या छोट्या दुकानात ऐकायला मिळाले. घरचा जुना मिक्सर आणि बंद पडलेला नवा मोबाइल अशा दोन्ही वस्तू मी तेथे नेल्या होत्या. कारागिराने मिक्सर उपडा केला, चार स्क्रू काढले आणि झिजलेले कार्बन बदलून दहा मिनिटांत तो सुरू करून दिला. मोबाइल त्याने नुसता हातात फिरवला. “सर, हा चिकटवलेला आहे. उघडायचा म्हणजे तापवावा लागेल, आणि याचा सुटा भाग कंपनी मला देणार नाही.” दोन वाक्ये! एकही विशेषण नाही. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही उघडले. त्या समितीला जे हवे होते ते हा गृहस्थ रोज गिऱ्हाइकांना फुकट सांगत असतो. छापत मात्र कुणी नाही.

या अंकातही नव्या वस्तूंच्या जाहिराती असतील. संपादकांनी रागावू नये. धनत्रयोदशीला आमच्याकडेही एक मिक्सर घ्यायचा बेत आहे, कारण जुना आता धाकट्या बहिणीकडे जायचा आहे. आईने दुकानदाराला विचारायचे प्रश्न माझ्याकडून एका कागदावर लिहवून घेतले आहेत. झाकणाचे रबर सुटे मिळते का? भिजवलेली चणाडाळ पाणी न घालता वाटली जाते का? भांड्याची मूठ ओल्या हाताने निसटते का? कार्बन बदलून कोण देतो, आणि तो नाशकात बसतो की मुंबईत?