पानिपत आणि मराठी विनोदाचे धैर्य

पानिपतावर मराठीने जितके लिहिले तितके दुसऱ्या एखाद्या पराभवावर क्वचितच लिहिले असेल. भाऊसाहेबांची बखर झाली, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा ग्रंथ आधी 1946 साली इंग्रजीत व पुढे मराठीत झाला, विश्वास पाटलांची 1988 मधली कादंबरी आणि ‘रणांगण’ हे नाटक झाले; परंतु एवढ्या थोरल्या दप्तरात विनोदी वाङ्मयाचा म्हणावा असा एकही मोलाचा कागद माझ्या वाचनात आलेला नाही. 14 जानेवारी 1761 रोजी त्या मैदानात जे पडले त्यांना कोणी हसावे, असे म्हणण्याचा अविचार मी करणार नाही. मात्र त्या मृतांच्या नावावर जिवंतांनी चालवलेली बढाई, अटकेचा झेंडा आणि मराठी मनगट यांच्या जयघोषात फौजेचे अन्न का तुटले व अब्दाली यमुना उतरून अलीकडे आला कसा हे प्रश्नच बुडवून टाकणारी बढाई, हा विनोदाचा हक्काचा प्रांत आहे. आणि त्या प्रांतात आपल्या विनोदकारांनी अद्याप ठाणे बसवलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

त्या काळची माणसे या बाबतीत आपल्याहून अधिक मोकळी होती. नाना फडणीस त्या दिवशी एकोणीस वर्षांचेही पुरते नव्हते. पुढे लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी रणातून निसटल्याची आणि आईच्या ताटातुटीची हकिकत शौर्याचा कसलाही आव न आणता नमूद केली आहे. स्वतःच्या भीतीची अशी कैफियत ज्या समाजात लिहिली जाते, त्या समाजात थोर विनोदाची भूमी तयार असते, अशी माझी श्रद्धा आहे. सर्व्हान्टिस 1571 मध्ये लेपांटोच्या आरमारी लढाईत डाव्या हाताने जन्माचा अधू झाला, आणि त्याच स्पॅनिश शिपायाने 1605 मध्ये डॉन किहोतेच्या रूपाने आपल्या मुलखाच्या वीरश्रीच्या वेडावर जगाला हसवले.

स्वकीयांना हसण्याची सनद मराठीला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या सुदाम्याने मिळवून दिली. आचार्य अत्र्यांनी 1925 च्या ‘झेंडूच्या फुलां’त मराठी कवींच्याच डौलाची यथेच्छ चेष्टा केली, पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तीच लेखणी बाहेरच्या प्रतिपक्षावर उगारली गेली, आणि ती कितीही न्याय्य असली तरी तिचे तोंड घराकडून फिरले ते फिरलेच. 13 ऑगस्ट 1960 रोजी निघालेल्या ‘मार्मिक’ची गोष्ट याहून बोलकी आहे. बाळ ठाकरे यांच्या कुंचल्याचे सामर्थ्य वादातीत. तथापि ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली त्या व्यंगचित्र-साप्ताहिकात परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या तेव्हा व्यंगचित्र अभिमानाचे परीक्षक न राहता त्याचे कारभारी बनले. दक्षिणेकडचा माणूस म्हणजे लुंगी आणि विशिष्ट हेल, एवढीच ओळख ज्या विनोदाला पुरते, त्याला मी कला म्हणावयास तयार नाही.

पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी चित्रे काढली त्यांत ही क्षुद्रता नाही. अभिमानाचा विषय कोणताही असो, अभिमान मात्र धगधगता असला पाहिजे, हे पुणेरी मर्म त्यांनी अचूक पकडले. तरीही त्या हास्यात माया इतकी आहे की पुणेकर आज तेच चित्र छातीवर पदकासारखे मिरवतो; जखम व्हावी तेथे अलंकार झाला, आणि हा दोष लेखकाइतकाच आपणा वाचकांचाही आहे.

जखम झाली ती विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात पहिला प्रयोग झाला, वादळ उठले, मूळ संस्थेने थोड्याच प्रयोगांनंतर नाटक थांबवले आणि थिएटर अकादमीच्या वतीने ते पुन्हा उभे राहिले. नानांची अप्रतिष्ठा झाली, ही मुख्य फिर्याद होती. परंतु स्वतःच्या दुबळेपणाची कबुली लिहून ठेवणाऱ्या नानांच्या वतीने ही फिर्याद गुदरणाऱ्यांनी त्यांचे आत्मवृत्त वाचले असते तर बरे झाले असते. पुढे 2017 च्या जानेवारीत, ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकाचा जाब म्हणून, राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा पुण्याच्या संभाजी उद्यानातून उखडला गेला. लेखक 1919 सालीच निवर्तला होता. आणि 2019 च्या डिसेंबरात आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ आला तेव्हा जाट राजा सूरजमलाच्या चित्रणावरून राजस्थान-हरयाणातील जाट संतापले, अब्दालीच्या चित्रणाची चिंता अफगाण वकिलातीने आधीच कळवली होती. ज्या चित्रपटात विनोदाचा लवलेश नव्हता त्याची ही गत, तर प्रहसन लिहिणाऱ्याने काय अपेक्षावे, हा प्रश्न आजच्या प्रत्येक नाटककारापुढे आहे, आणि दूरचित्रवाणीवरचा विनोद त्याचे उत्तर देण्याऐवजी सासू, शेजारी आणि बोलीचे हेल यांच्या आडोशाला जातो.

या कोंडीतून निघणारी वाट पानिपतातच जन्मलेल्या एका माणसाने दाखवली होती. उर्दू कवी हालींच्या वंशातले ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1969 मध्ये गोवामुक्तीवर ‘सात हिंदुस्तानी’ काढला, आणि त्यात बंगालच्या उत्पल दत्तांना पंजाबी केले, केरळच्या मधूंना बंगाली केले, जलाल आगांना मराठी सखाराम शिंदे केले. प्रांताप्रांतांचे ठरीव साचे मोडण्यासाठी एका प्रांताच्या माणसाला दुसऱ्या प्रांताचा अंगरखा चढवण्याची ही युक्ती मला अत्यंत मोलाची वाटते. कारण साचा खरा असता तर तो अंगरखा अंगावर टिकला नसता.

अशा लेखणीसाठी विषय पानिपत जिल्ह्यातच वाट पाहत आहे. पानिपत, कर्नाल, सोनीपत या टापूत रोड समाज राहतो. रणातून वाचून मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असे त्यांतले बरेच जण सांगतात. खंडरा गावच्या नीरज चोप्राने 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा त्याच्या मराठा कुळाच्या वार्ता महाराष्ट्रात झळकल्या. त्याच्या हरयाणवी बोलीची, शेतकरी घराची आणि स्वतःच्या कष्टांची आठवण मागाहून आली. भगवे फेटे बांधून आलेले पाहुणे मराठीत घोषणा देतात आणि यजमान ठेठ हरयाणवीत त्यांना जेवायला बसवतात, या भेटीत दोन्हीकडच्या अभिमानाला हसणारे आणि दोन्हीकडची माया राखणारे प्रहसन दडलेले आहे. ते लिहिणाऱ्याला शेजवलकर वाचावे लागतील, हरयाणवी शिकावी लागेल, आणि पहिला प्रयोग पुण्यात न लावता पानिपतात लावावा लागेल.