‘योग्य पुस्तक’ म्हणजे काय? ‘अब्बू खाँ की बकरी’ आणि बालग्रंथपालाचे काम

बालसाहित्याविषयीची आपली चर्चा बहुधा लेखकापासून सुरू होते आणि पाठ्यपुस्तकापाशी थांबते. पुस्तक आणि मूल यांच्यामध्ये उभा असलेला ग्रंथपाल तीत क्वचितच येतो. वास्तविक ‘सात वर्षांच्या मुलीला काय वाचायला देऊ?’, ‘शनिवारी गोष्टीच्या तासाला काय सांगू?’ असे प्रश्न पालक आणि शिक्षक त्यालाच विचारतात. तो जे उत्तर देतो, ती एक प्रकारची समीक्षाच असते. फरक एवढाच की या समीक्षेचा परिणाम त्याच दिवशी एखाद्या मुलावर होतो. प्रस्तुत लेखात एका प्रसिद्ध उर्दू बालकथेच्या आधारे या कामाचे स्वरूप आणि त्यातील आपल्या चुका पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

डॉ. झाकिर हुसैन यांचा जन्म 1897 मध्ये हैदराबादेत झाला. 1926 ते 1948 या काळात ते जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते आणि 1967 मध्ये राष्ट्रपती झाले. मुलांसाठी त्यांनी लिहिलेल्या कथांपैकी ‘अब्बू खाँ की बकरी’ आजही उर्दू माध्यमाच्या घराघरांत माहीत आहे. अल्मोड्यात राहणाऱ्या अब्बू खाँच्या बकऱ्या दोर तोडून डोंगरावर पळतात आणि लांडग्याच्या तोंडी पडतात. चांदनी ही त्यांची सर्वांत लाडकी बकरी. तिलाही डोंगर खुणावतो. अब्बू खाँ तिला कोठडीत बंद करतात, पण खिडकी उघडी राहते आणि ती निघून जाते. दिवसभर ती डोंगरावर मनसोक्त हिंडते. रात्री लांडगा येतो. आपण जिंकणार नाही हे तिला ठाऊक असते, तरीही ती पहाटेपर्यंत झुंजते आणि खालच्या वस्तीतून अजान ऐकू येत असताना कोसळते. मग झाडावरच्या पाखरांत वाद सुरू होतो, जिंकले कोण? बहुतेक पाखरे लांडग्याचे नाव घेतात. एक म्हातारे पाखरू मात्र चांदनी जिंकली असे म्हणते.

कथेचे मूळ फ्रेंच लेखक आल्फोन्स दोदे यांच्या 1869 च्या पुस्तकातील सेगँ यांच्या बकरीच्या गोष्टीत आहे. घटनाक्रम जवळजवळ तोच असला तरी दोदे यांची गोष्ट पत्ररूप आहे. वृत्तपत्रातील पगारी नोकरी नाकारणाऱ्या एका कवीला निवेदक ती सांगतो. ‘स्वतंत्र राहशील तर तुझेही असेच होईल’ अशी ही वरवरची ताकीद आहे, आणि त्या ताकिदीत उपरोधही आहे. झाकिरसाहेबांनी कवीला वगळले आणि शेवटी पाखरे आणली. माझ्या मते हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. दोदे यांच्याकडे गोष्टीचा अर्थ निवेदकाच्या हाती आहे. झाकिरसाहेबांनी तो पाखरांच्या वादात सोडला आणि त्या वादातून तो ऐकणाऱ्या मुलांच्या हाती जातो. म्हाताऱ्या पाखराचे मत शेवटी येते म्हणून लेखकाचा कल कळतो, हे खरे. तरीही बहुमत विरुद्ध आहे, आणि मुलाला कोणाच्याही बाजूने बोलता येते.

अशी कथा ग्रंथालयाच्या यादीत कशी नोंदली जाते? आपल्याकडील बहुतेक याद्यांत पुस्तकाचे नाव, वयोगट आणि ‘मूल्य’ असे तीन रकाने असतात. चांदनीच्या नावापुढे ‘स्वातंत्र्यप्रेम’ लिहिले की काम झाले. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (1935) पुढे त्याच न्यायाने ‘मातृप्रेम’ येते. यातला कोणताही शब्द चुकीचा नाही. परंतु पुस्तक न उघडताही हे शब्द लिहिता येतात, ही खरी अडचण आहे. चांदनी शेवटी मरते, हे त्या रकान्यातून कळत नाही. ‘श्यामची आई’ 42 रात्रींत सांगितलेली आहे, म्हणजे ती मुळातच मोठ्याने सांगण्याच्या घाटाची आहे, हेही त्यातून कळत नाही. आणि श्यामची आई शेवटी जाते. नुकतीच आई गमावलेल्या मुलीच्या हाती ते पुस्तक त्या आठवड्यात द्यावे, की सहा महिने थांबावे, की ‘मी तुझ्याजवळ बसून वाचते’ असे म्हणावे? याचे उत्तर वयोगटाच्या रकान्यात मिळत नाही. ते पुस्तक वाचलेल्या आणि त्या मुलीला ओळखणाऱ्या माणसाजवळच असू शकते.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांतील दोन. आपण ते परीक्षेसाठी शिकवतो. त्या दोन्हींत ‘त्याचा’ हा शब्द आहे, तिकडे मात्र पुरेसे लक्ष देत नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे होऊ शकते, याचे एक उदाहरण दूरचे असूनही आपल्या सीमाभागाला जवळचे वाटेल. प्वेर्तो रिकोहून आलेल्या पुरा बेलप्रे 1921 मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांना तिथल्या कपाटांत सापडल्या नाहीत. तेव्हा त्यांनी त्या स्वतः सांगायला सुरुवात केली. स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीतील शाखेत त्या इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत गोष्टींचे तास घेत. त्यांतील झुरळीण मार्तिना आणि उंदीर पेरेस यांची गोष्ट 1932 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या गोष्टीतही पेरेस शेवटी उकळत्या भांड्यात पडून मरतो आणि मार्तिना शोक करते. बेलप्रे यांनी तो शेवट गोड केला नाही. 1996 पासून त्यांच्या नावाने बालसाहित्याचा पुरस्कार दिला जातो. आपल्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मुलाच्या घरची भाषा त्यांनी ग्रंथालयात आणली, आणि मृत्यू आहे म्हणून गोष्ट टाळली नाही.

बेळगाव परिसरातील आपल्या मुलाच्या घरी दखनी, गल्लीत मराठी आणि शाळेत उर्दू किंवा कन्नड असते. त्यातल्या कित्येकांना उर्दू ऐकून समजते, पण लिपी वाचता येत नाही. अशा मुलाला यादीतले उर्दू पुस्तक ‘योग्य’ असूनही बंदच राहते. त्याच्यासाठी गोष्टीचा तास हाच त्या पुस्तकाचा दरवाजा आहे.

येथे माझी एक चूक नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. काही वर्षांपूर्वी एका शाळेत पाचवीच्या मुलांना मी चांदनीची गोष्ट मराठीत सांगितली. संवाद तेवढे उर्दूत ठेवले. मुले रंगून ऐकत होती. पाखरांचा वाद संपताच मी सवयीने म्हणालो, ‘म्हणून मोठ्यांचे ऐकावे.’ वर्ग गप्प झाला. झाकिरसाहेबांनी काढून टाकलेली ताकीद मी परत आणली होती, आणि तीही दोदे यांच्या उपरोधाशिवाय! पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीला तीच गोष्ट सांगितली आणि पाखरांपाशी थांबलो. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, ‘सर, लांडगा पण नाही, चांदनी पण नाही. अब्बू खाँ हरले.’ मग खिडकी कोणी उघडी ठेवली, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला. कथेच्या शेवटच्या ओळींत अब्बू खाँ नाहीत, ही गोष्ट इतकी वर्षे ती शिकवूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

आता आपल्या महाविद्यालयांचा प्रश्न. शाळांच्या पुस्तक-निवड समित्यांवर आपणच असतो, आणि शिक्षक व ग्रंथपाल होणारी मुले-मुली आपल्याच वर्गांतून जातात. साधनांची टंचाई हे कारण आता पूर्वीइतके खरे नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या 2015 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मराठी, उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषांतील पुस्तके विनामूल्य मिळतात. टंचाई आहे ती पुस्तके वाचून शिफारस करणाऱ्यांची.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. भाषा विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षात दहा बालपुस्तके वाचावीत आणि प्रत्येकाचे एक कार्ड लिहावे. कार्डावर ‘मूल्य’ हा रकाना नसावा. गोष्टीत काय घडते, मूल कोठे घाबरेल किंवा रडेल, सांगायला किती मिनिटे लागतात, कोणत्या भाषेत सांगितली तर पोहोचेल, आणि सांगून झाल्यावर कोठे थांबावे, एवढेच लिहावे. ही कार्डे जवळच्या शाळेच्या ग्रंथपालाला द्यावीत. जेथे ग्रंथपालाचे पदच नाही, आणि अशा शाळा पुष्कळ आहेत, तेथे कपाटाची किल्ली ज्या शिक्षिकेकडे असेल तिला द्यावीत.

दहा विद्यार्थ्यांच्या वर्गातून वर्षाला शंभर कार्डे होतील. पहिले कार्ड अर्थातच शिक्षकाने स्वतः लिहावे. चांदनीचे मी लिहिले आहे. ‘कोठे थांबावे’ या प्रश्नापुढे त्यात एकच शब्द आहे : पाखरांपाशी.