‘सद्गुणी स्त्री’चा आदर्श आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’

मराठी ख्रिस्ती साहित्यातील स्त्रीप्रतिमेचा विचार करताना बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायातील गृहिणीचा विचार अपरिहार्य ठरतो. रूढ मराठी भाषांतरात तिला ‘सद्गुणी’ म्हटले आहे. मूळ हिब्रूतील ‘खायिल’ हा शब्द मात्र सामर्थ्य, पराक्रम, कर्तबगारी या अर्थांचा असून तो अन्यत्र योद्ध्यांसाठीही योजला जातो. ही स्त्री शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, वस्त्रे तयार करून विकते, गोरगरिबांना हात देते. मराठीत ‘सद्गुणी’ म्हणताच त्या शब्दाभोवती पातिव्रत्य व सोशिकता यांचे पूर्वसंस्कार गोळा होतात. पेत्राच्या पहिल्या पत्रातील सौम्य, शांत पत्नीचा आदर्श त्यांना दुजोराच देतो. परिणामी एका कर्तबगार स्त्रीची केवळ सोज्ज्वळ पतिव्रता होते.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा ताण उघड दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर तेथील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या आज्ञापालनापेक्षा सदसद्विवेकबुद्धी प्रमाण मानतात. पुढे केडगाव येथे हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी स्वतःच केले. रमाबाई विदुषी होत्या. त्यांचे स्वातंत्र्य मान्य करणे समीक्षेला फारसे जड गेले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८–१९३६) बाबतीत तसे झाले नाही. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’तील निवेदिकेचा भोळेपणा, विनोद व पतिनिष्ठा यांचेच कौतुक अधिक झाले. या कौतुकात अन्याय दडलेला आहे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये. तत्पूर्वी जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या होत्या. धर्मांतराचे कारण पतीची आज्ञा असते, तर पाच वर्षांचा विरह सोसण्याचे प्रयोजनच नव्हते. येथे पातिव्रत्याची कसोटी लावणारा वाचक आत्मचरित्रातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय नजरेआड करतो.

संसाराच्या चित्रणातही हेच दिसते. टिळकांच्या अव्यवहारी दातृत्वापुढे घर सावरणारी ही स्त्री भांडते, रुसते, प्रसंगी पतीची थट्टा करते. पेत्राच्या पत्रातील शांत पत्नीशी तिचे जमत नाही. मात्र निराधार मुलांना घर देणारी, पदराला खार लावून माणसे जोडणारी तीच आहे. ‘खायिल’ या शब्दाचा अर्थ मराठीत कोठे शोधावयाचा असेल, तर तो या पानांत सापडतो. अर्थात कथनाचा केंद्रबिंदू दीर्घकाळ टिळकच राहतात, ही मर्यादा नाकारता येत नाही. हा विनोद काही ठिकाणी वेदनेवर पांघरूणही घालतो.

तथापि १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यानंतर त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले ते लक्ष्मीबाईंनीच. शाळेत न गेलेल्या, विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने त्या महाकाव्याचे बहुतांश अध्याय रचले. तरीही ‘ख्रिस्तायन’चा उल्लेख आजही प्रामुख्याने टिळकांच्या नावाने होतो.