राजेतिहास, हास्य आणि अद्भुत : ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’

प्रास्ताविक

राजाला हसणे मराठी रंगभूमीला नवे नाही. तमाशाच्या वगात राजा आणि प्रधान येतात ते बहुधा फजीत होण्यासाठीच. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्याने ही परंपरा शहरी प्रेक्षकांपर्यंत पोहोचवली. मात्र वगातील या राजाला नाव नसते, वंशावळ नसते, त्याच्या राज्याचा पत्ताही नसतो. इतिहासातला, नावानिशी ओळखला जाणारा राजा आला की मराठी नाटकाची भाषा एकाएकी बदलते. ती गंभीर, अलंकृत आणि पल्लेदार होते. दूरचित्रवाणीनेही हाच मार्ग स्वीकारला. ‘राजा शिवछत्रपती’ या २००८ साली सुरू झालेल्या मालिकेपासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७–२०२०) पर्यंतच्या मालिकांत राजेतिहास हा प्रामुख्याने गौरवाचा आणि शोकाचा विषय राहिला. हास्य आणि अद्भुत यांच्या साहाय्याने ज्ञात राजेतिहासाकडे नव्याने पाहण्याचा मराठीतील ठळक प्रयत्न छोट्या पडद्यावर न होता रंगमंचावर झाला. राजकुमार तांगडे लिखित आणि नंदू माधव दिग्दर्शित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) हे ते नाटक होय. अशा कलाकृतीत कल्पिताचे नेमके कार्य कोणते, या प्रश्नाच्या अनुषंगाने या नाटकाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वसूत्र : ‘घाशीराम कोतवाल’

ऐतिहासिक नाव आणि उपहास यांची सांगड किती स्फोटक ठरू शकते, हे विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने दाखवून दिले होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पहिला प्रयोग झालेले हे नाटक नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादात सापडले आणि १९ प्रयोगांनंतर थांबले. पुढे थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा उभे केले. आपले नाटक ऐतिहासिक नाही, ही लेखकाची भूमिका वाङ्मयीन दृष्ट्या समर्थनीय होती. परंतु ज्यांच्या स्मृतीला धक्का बसला त्यांचे त्याने समाधान झाले नाही. नाना हे राजे नव्हते, कारभारी होते. तरीही एवढा क्षोभ उसळला. मग छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या लोकदैवत झालेल्या पुरुषाचे नाव विनोदी नाटकाच्या शीर्षकात आणणे किती अवघड असेल, याची सहज कल्पना येते. तांगडे यांच्या नाटकाने ही अवघड वाट कशी पार केली, हा पाहण्याजोगा भाग आहे.

अद्भुताची योजना

संभाजी भगत यांची संकल्पना आणि संगीत लाभलेल्या या नाटकाची कळ एका पुराणछापाच्या विनोदात आहे. यम महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार मागेच राहतात. त्या विचारांची खूण म्हणजे महाराजांच्या मस्तकावरचा टोप. तो कोणाच्या डोक्यावर नीट बसतो, हे शोधत यम आजच्या महाराष्ट्रात, शिवजयंतीच्या धामधुमीत असलेल्या वस्तीत येऊन पोहोचतो.

ही योजना वरवर साधी आहे. तिचा परिणाम मात्र दूरगामी आहे. हास्याचे लक्ष्य येथे राजा नाही. टोप आपल्याच मापाचा आहे असे मानणारी डोकी हे त्याचे लक्ष्य आहे. महाराजांचा अधिक्षेप होत नाही, त्यांच्या नावाने मिरवणाऱ्यांचा होतो. वगातील सोंगाड्याने राजाला प्रश्न विचारायचे, या जुन्या रचनेची येथे उलटापालट होते. राजा निरुत्तर होत नाही, त्याचे वारसदार म्हणवणारे निरुत्तर होतात.

शीर्षकही अर्थपूर्ण आहे. ‘भीमनगर’ म्हणताच आंबेडकरी वस्ती डोळ्यांसमोर येते, ‘मोहल्ला’ या शब्दाला मुस्लिम वस्तीचा वास आहे आणि ‘अंडरग्राउंड’मध्ये राजा भूमिगत झाल्याची सूचना आहे. ज्या वस्त्यांना शिवजयंतीच्या मिरवणुकीत बाजूला ठेवले जाते, तेथेच हा राजा आश्रयाला आहे, असा युक्तिवाद पडदा उघडण्यापूर्वीच मांडला जातो. जालना परिसरातील ग्रामीण नटसंच आणि त्यांची मराठवाडी बोली यांमुळे या युक्तिवादाला पुस्तकी कळा येत नाही.

कल्पित आणि पुरावा

नाटकाचा कळस पोवाड्यांच्या जुगलबंदीत होतो. दोन गट एकाच राजाचे दोन पोवाडे गातात. हा प्रसंग कल्पित असला तरी त्यामागचा संघर्ष ऐतिहासिक आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा रचून त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले. १८९० नंतरच्या दशकात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शिवस्मरणाला राष्ट्रीय उत्सवाचे रूप आले. गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ (१९८८) या पुस्तिकेने फुले यांच्या बाजूचा धागा पुढे नेला. रयतेच्या धान्याला आणि वैरणीला हात न लावण्याची सक्त ताकीद देणारे १६७३ सालचे चिपळूणच्या छावणीसंबंधीचे पत्र, किंवा दौलतखान आणि सिद्दी हिलाल यांच्यासारख्यांची महाराजांच्या सेवेतील नोंद, हे सारे उपलब्ध इतिहासातच आहे. म्हणजे नाटकाचे अद्भुत इतिहासाच्या विरोधात जात नाही. इतिहासाचा जो भाग उत्सवाच्या गलबल्यात ऐकू येत नाही, तो ऐकवण्यासाठी ते यमाला कामाला लावते.

एक तुलना

पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवरील ‘माय लेडी जेन’ (२०२४) या आठ भागांच्या इंग्रजी मालिकेशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. १५५३ मध्ये अवघे नऊ दिवस इंग्लंडची राणी ठरलेल्या जेन ग्रेचा १५५४ मध्ये शिरच्छेद झाला. मालिकेत ती वाचते. शिवाय तेथील समाज प्राण्याचे रूप घेऊ शकणारी माणसे आणि साधी माणसे यांत विभागलेला आहे. मालिका चतुर आहे आणि मुलीला केवळ बळी म्हणून पाहण्यास तिने दिलेला नकार आवश्यकही आहे. परंतु जेनच्या मृत्यूमागे कॅथलिक-प्रोटेस्टंट वारसासंघर्ष होता. त्याच्या जागी रूपांतराची कल्पना येताच मृत्यूबरोबर मृत्यूचे कारणही कथेबाहेर जाते. प्रेक्षकाला न्याय झाल्याचे समाधान मिळते. अन्याय का झाला, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही. तांगडे यांच्या नाटकात भूतकाळाची दुरुस्ती होत नाही, वर्तमानाची झडती होते. म्हणून ते अधिक टोकदार आहे.

मर्यादा

नाटक निर्दोष नाही. जुगलबंदीत एक बाजू इतकी सज्ज आणि दुसरी इतकी दुबळी आहे की निकाल आधीच कळतो. हास्याने प्रेक्षकाला आत घेतल्यानंतर अखेरीस त्याला उपदेश मिळतो. आरंभी सारे सूत्र हाती असणारा यम तेथे जवळजवळ श्रोता बनतो. प्रतिपक्षाला एखादा खरोखर अडचणीत आणणारा प्रश्न विचारू दिला असता तर नाटकाचे प्रतिपादन अधिक बळकट झाले असते.

समारोप

राजेतिहासावरील विनोदी अद्भुताची कसोटी या चर्चेतून हाती येते. कल्पिताने कारणे झाकली की करमणूक उरते, कारणे उघडी केली की समीक्षा सुरू होते. ही कसोटी नाशिककरांच्या अगदी दारातील एका कथेलाही लावता येईल. गोदाकाठच्या आनंदवल्लीला जिचे नाव आहे त्या आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या अक्षरबदलाला समकालीन कागदपत्रांचा निर्विवाद आधार नाही. सत्तेसाठी झालेल्या एका घरगुती कटाचा सारा भार लोकस्मृतीने एका स्त्रीच्या लेखणीवर टाकला, आणि तो दोन शतकांहून अधिक काळ तसाच राहिला. म्हणजे कल्पित येथे आधीच झाले आहे. त्याला हसून प्रश्न विचारणारा यम तेवढा अद्याप आलेला नाही. तो आला, तर त्याने आनंदीबाईला निर्दोष ठरवण्याची घाई करू नये. ते अक्षर तिच्या नावावर लिहून कोणाकोणाची सोय झाली, एवढे विचारले तरी पुरे.