‘झुंड’ : भिंतीपलीकडचें मैदान

श्री. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. तो तालुका आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील परांड्याच्या शेजारचा. त्यामुळें ‘फँड्री’ व ‘सैराट’ या त्यांच्या चित्रपटांतील शिवार, बोली आणि माणसें आम्हांस परकीं वाटलीं नाहींत. २०२२ सालचा ‘झुंड’ हा चित्रपट हिंदी आहे आणि नागपूरच्या झोपडपट्टींत घडतो. तथापि त्यांत मांडलेला प्रश्न आमच्याही जिल्ह्याचा आहे. गरिबांच्या मुलांनीं खेळावें कोठें, हा तो प्रश्न.

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक श्री. विजय बारसे यांनीं २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांसाठीं ‘स्लम सॉकर’ ही फुटबॉलची चळवळ सुरू केली. त्यांच्या कार्यावरून रचलेल्या या कथेंत शिक्षकाची भूमिका श्री. अमिताभ बच्चन यांनीं केली आहे; त्यांच्याभोंवतींचीं बहुतेक मुलें मात्र कॅमेऱ्यापुढें प्रथमच उभीं राहिलेलीं आहेत. महाविद्यालयाचें मैदान आणि मुलांची वस्ती यांच्यामध्यें एक भिंत आहे. वस्तींतील पोरें चोऱ्या करतात, नशा करतात, मारामाऱ्या करतात. शिक्षक त्यांस आरंभीं पैसे देऊन खेळवितात. पुढें पैसे बंद होतात, तरी पोरें खेळावयास येतातच. येथें दिग्दर्शकानें उपदेशाचा एकही शब्द खर्चिलेला नाहीं. पैशापेक्षां खेळ हवासा वाटूं लागला, एवढेंच आपण पाहतों. आणि तेवढ्यानें हीं मुलें आपल्या डोळ्यांदेखत बदललेलीं असतात.

याच वयाच्या आणि याच थरांतील मुलांची कथा अमेरिकेंतील ‘एटीएल’ (२००६) या चित्रपटांत आहे. अटलांटा शहरांतील कृष्णवर्णीय मुलें रविवारीं रात्रीं ‘कॅस्केड’ नांवाच्या स्केटिंगगृहांत जमतात आणि पायांत चाकांचे बूट घालून हिप-हॉपच्या तालावर फेर धरतात. आईबाप गमावलेला नायक काकाबरोबर साफसफाईचें काम करतो; धाकट्या भावास मादक पदार्थ विकण्याची वाट खुणावीत असते. आठवडाभर दुसऱ्यांच्या इमारती झाडणाऱ्या त्या मुलाला एक रात्र तरी स्वतःची मिळते. ती त्याला कोणा सज्जनाच्या कृपेनें मिळालेली नाहीं. तिकिटाचे पैसे टाकले कीं दार उघडतें. नागपूरच्या मुलांस तसें दार नाहीं. त्यांनीं एक तर भिंतीवरून उडी मारावी, नाहीं तर भिंतीपलीकडच्या एखाद्या सहृदय माणसाची वाट पाहावी.

हा भेद श्री. मंजुळे यांनीं नेमका ओळखला, हें त्यांच्या दृष्टीचें बळ. पण चित्रपटाचें वैगुण्यही याच ठिकाणीं आहे. तो सहृदय माणूस हळूहळू इतका मोठा होतो कीं मुलें त्याच्या सावलींत झाकलीं जातात. न्यायालयांतील त्याचें भाषण कळकळीचें आहे, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु मुलांनीं मैदानावर जें आधींच सिद्ध केलेलें असतें, तेंच तो शब्दांनीं पुन्हां सिद्ध करीत राहतो. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटाचा उत्तरार्ध त्यामुळें सैल झाला आहे.

उलट जेथें तो बाजूस होतो, तेथें दिग्दर्शकाचा हात खरा चालतो. मोनिका या आदिवासी मुलीस पारपत्र हवें. त्यासाठीं ती कोण आहे हें सांगणारा कागद हवा. तो मिळविण्यासाठीं बापलेकींची जी पायपीट होते, तिच्यांत आरडाओरड नाहीं, खलपुरुष नाहीं. तरी तिची चीड मनांतून जात नाहीं. तसाच आंबेडकर जयंतीचा प्रसंग. त्या रात्रीं बेभान नाचणारीं पोरें पाहतांना आम्हांस अटलांटाच्या स्केटिंगगृहाची आठवण झाली. ती रात्र त्यांस कोणी दान दिलेली नाहीं. ती त्यांचीच आहे.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. धाराशिवच्या सारिका काळे या २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. २०२० सालीं त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला चेंडू लागत नाहीं, बॅट लागत नाहीं. २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब एवढें पुरतें. गरिबाच्या मुलीला देशापर्यंत नेणारा खेळ हाच असावा, यांत नवल नाहीं. पण एवढी जागा तरी सर्वांच्या वांट्याला कोठें येते? भूम, वाशी, कळंबकडचीं कितीएक मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीस जातात आणि हंगाम संपेपर्यंत फडाशेजारच्या कोपींत राहतात. त्या दिवसांत त्यांची शाळाही सुटते आणि मैदानही सुटतें.

जीं मुलें गांवांतच राहतात, त्यांच्या वाटेंत भिंत असते ती आपण सुशिक्षितांनीं घातलेली. मैदान खराब होईल, काचा फुटतील, आपलीं मुलें त्या पोरांच्या संगतीनें बिघडतील, अशीं कारणें आपल्यापाशीं तयार असतात. ‘झुंड’ पाहून त्यांतील शिक्षकाचें कौतुक करणें सोपें आहे, कारण तें करून आपण मोकळे होतों. शाळा सुटल्यावर मैदानाच्या फाटकास कुलूप कोण लावतो व किल्ली कोणाच्या घरीं जाते, याची चौकशी वाचकांनीं आपापल्या गांवीं एकदां करावी, अशी आमची विनंती आहे.