स्क्रूज आणि झग्याखालची दोन मुले : ‘अ ख्रिसमस कॅरोल’च्या पडद्यावरील रूपांतरांचा विचार

चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही दीर्घकथा १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली आणि नाताळपर्यंत तिच्या ६००० प्रती खपल्या. १९०१ मध्ये वॉल्टर बूथ यांनी तिच्यावर मूकपट केला. तेव्हापासून चित्रपट, संगीतिका, व्यंगपट आणि दूरचित्रवाणीपट अशा नाना रूपांत ही कथा पडद्यावर आली आहे. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक घरांत दर डिसेंबरला यांपैकी एखादे रूपांतर पुन्हा पाहण्याचा प्रघात आहे. दरवर्षी पाहिलेला चित्रपट कालांतराने मूळ पुस्तकाची जागा घेतो. म्हणूनच या रूपांतरांनी पुस्तकातील काय राखले आणि काय गाळले, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

हे तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एक प्रसंग निकष म्हणून घेतला आहे. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस वर्तमान नाताळचा आत्मा आपल्या झग्याखालून दोन खंगलेली, भेसूर मुले बाहेर काढतो. मुलाचे नाव अज्ञान, मुलीचे दैन्य. त्यांना कोठे आसरा नाही काय, असे स्क्रूज कळवळून विचारतो, तेव्हा तुरुंग आणि वर्कहाऊस यांविषयीचे त्याचेच आधीचे उद्गार आत्मा त्याच्या तोंडावर फेकतो. या प्रसंगामागे ठोस इतिहास आहे. १८३४ च्या दरिद्री कायद्याने गरिबांना वर्कहाऊसचा धाक दाखविला होता. बालकामगारांच्या स्थितीवरील आयोगाचा दुसरा अहवाल १८४३ मध्येच आला होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डिकन्स यांनी लंडनच्या फील्ड लेन येथील गरीब मुलांची शाळा पाहिली होती. स्क्रूज ज्या ‘अतिरिक्त लोकसंख्ये’विषयी बोलतो, ती कल्पना माल्थस यांच्या अर्थविचारातून आली आहे. या दोन मुलांच्या रूपाने कथा एका कंजूष माणसाच्या पलीकडे जाऊन व्यवस्थेकडे बोट दाखविते. (बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार १५ शिलिंग आणि या पुस्तकाची किंमत ५ शिलिंग, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.)

१९३८ च्या मेट्रो-गोल्डविन-मेयर निर्मित चित्रपटात ही मुले नाहीत. मेलेल्या स्क्रूजच्या वस्तू विकणाऱ्या बायका नाहीत आणि त्याची वाग्दत्त वधू बेल हीदेखील नाही. चित्रपटात बॉबची नोकरी जाते, पण कशामुळे, तर त्याने फेकलेल्या बर्फाच्या गोळ्याने मालकाची हॅट उडते म्हणून! कारकुनाची असुरक्षितता ही विनोदी अपघाताची बाब होऊन बसते. जीन लॉकहार्ट यांचा गुबगुबीत बॉब उपाशी घरातला वाटत नाही, हे ओघाने आलेच. पटाला घरगुती ऊब आहे. मात्र ज्या थंडीमुळे त्या उबेला अर्थ येतो, ती थंडी येथे नाही.

ब्रायन डेस्मंड हर्स्ट दिग्दर्शित १९५१ चा ‘स्क्रूज’ हा अनेकांच्या मते सर्वश्रेष्ठ आहे. ॲलस्टेर सिम यांच्या अभिनयापुरते हे मत प्रस्तुत लेखकास मान्य आहे. त्यांचा स्क्रूज प्रारंभीही निव्वळ दुष्ट नसतो. आपण आता बदलण्याच्या पलीकडे गेलो, अशी हताशा त्याच्या चेहऱ्यावर असते आणि त्यामुळे अखेरचे वेडेपिसे हसू खरे वाटते. नोएल लँगली यांची पटकथा पुस्तकात नसलेले बरेच काही घालते. स्क्रूजची आई त्याला जन्म देताना मरते आणि बहीण फॅन फ्रेडला जन्म देताना. त्यासाठी पुस्तकातील धाकटी फॅन येथे थोरली करावी लागते. त्यामुळे स्क्रूजच्या कठोरपणाला कौटुंबिक दुःखाचे कारण मिळते. हा विसाव्या शतकाचा मानसशास्त्रीय स्क्रूज होय. सहानुभूती वाढते, परंतु अर्थव्यवहाराचा दोष एका जखमी बालपणावर ढकलला जाण्याचा धोकाही वाढतो. लँगली यांनी हा धोका ओळखला असावा. त्यांनी जॉर्किन नावाचे नवे पात्र निर्माण केले आणि स्क्रूज-मार्ली जोडी फेझिविगची पेढी कशी गिळंकृत करते ते दाखविले. झग्याखालची मुलेही येथे आहेत. दृश्य मात्र इतके झटपट सरते की ती लक्षात राहतात असे म्हणवत नाही.

१९९२ चा मपेट बाहुल्यांचा चित्रपट मुलांसाठीचा म्हणून बाजूस ठेवण्याची अभ्यासकांची वृत्ती योग्य नाही. त्यातही ही दोन मुले गाळली आहेत, हे खरे. परंतु इतर बहुतेक रूपांतरांत जो हरवतो, तो डिकन्स यांचा गप्पिष्ट निवेदक येथे गोंझो या बाहुल्याच्या रूपाने सतत हजर असतो, आणि मायकेल केन बाहुल्यांच्या गर्दीतही जराही थट्टा न करता अभिनय करतात.

क्लाइव्ह डॉनर दिग्दर्शित १९८४ चा दूरचित्रवाणीपट प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जॉर्ज सी. स्कॉट यांचा स्क्रूज कुबडा, चिरक्या आवाजाचा कवडीचुंबक नाही. तो धान्यबाजारात ताठ मानेने वावरणारा, भाव वाढवून सौदा करणारा व्यापारी आहे. आपले चुकते असे त्याला वाटतच नाही. आत्म्यांशीही तो वाद घालतो, आणि हा युक्तिवाद करणारा स्क्रूज विक्षिप्त स्क्रूजपेक्षा अधिक भयावह आहे, कारण तो ओळखीचा आहे. पुढे वर्तमानाचा आत्मा त्याला पुलाखाली रात्र काढणाऱ्या एका बेघर कुटुंबाजवळ नेतो. हे कुटुंब पुस्तकात नाही. अज्ञान आणि दैन्य येथेच प्रकटतात. रूपकातील मुलांशेजारी खरीखुरी माणसे बसविल्याने रूपकाला आधार मिळतो.

रॉबर्ट झेमेकिस यांच्या २००९ च्या संगणकीय पटात तीच मुले पाहता पाहता मोठी होतात. मुलगा गजांआडचा गुन्हेगार होतो, मुलगी वेश्या. मूळ इशाऱ्यात भीतीचा अंश आहेच. तरीही येथे गरीब मूल करुणेचा विषय न राहता धोका बनते.

अखेरीस परिवर्तन झालेला स्क्रूज रस्त्यात भेटलेल्या वर्गणीवाल्या गृहस्थाच्या कानात देणगीची रक्कम सांगतो. तो आकडा डिकन्स यांनी वाचकास कळू दिलेला नाही, आणि ती दोन मुले पुस्तकात पुन्हा दिसत नाहीत.