कोऱ्या धनादेशाची राखण

पाटोद्यात शिक्षकांशी बोलताना प्रश्न आला : आभासी चलनाच्या पाकिटातील परवानग्या सांभाळायला कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस ठेवा, असा सल्ला मिळतो, तो ऐकावा का? आम्हाला तो अर्धाच पटतो.

परवानगी म्हणजे एखाद्या संगणकीय कराराला आपल्या पाकिटातून टोकने काढण्याची दिलेली मुभा. पुष्कळदा ती अमर्याद मागितली जाते. सही करून ठेवलेला कोरा धनादेशच म्हणा ना! अशा जुन्या, विसरलेल्या परवानग्या हुडकून मराठीत समजावून देणे हे काम मदतनीसाने खुशाल करावे. सहीचा अधिकार मात्र त्याच्याकडे नको.

१८ जुलै २०२४ रोजी 'वझीरएक्स' या भारतीय चलनबाजारातून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची टोकने चोरीस गेली. तेथे एका व्यवहाराला अनेकांच्या सह्या लागत. त्या झाल्याही होत्या. पण पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर, असे कंपनीचे म्हणणे. मदतनीसाचे स्पष्टीकरण हाही असा पडदाच. तो चुकतो, शिवाय टोकनाच्या नावात दडवलेल्या सूचनेलाही बळी पडू शकतो. तेव्हा मुभा कोणत्या पत्त्याला आणि किती, हे सही करण्यापूर्वी पाकिटावर स्वतः ताडून पाहावे. रक्कम गरजेपुरती लिहावी, काम संपताच शून्य करावी. (या शून्यालाही शुल्क पडते!) पाकीट पत्ता नि रक्कम दाखवतच नसेल, तर सही करू नये.